रस्त्यावरील अपघात आणि लोकसंस्थांचे कार्य



महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि शुभसंदेश ह्यांना स्थान असावे हे योग्यच आहे. परंतु त्याबरोबर सभासदांच्या घरी उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयाचा अभ्यासही असावा, असे चालक मंडळींनी सुचविले. म्हणून हा लेख लिहीत आहे. विषय रोजचाच आहे. खासबागेतून सकाळी मुले शाळेला निघतात. मोठी माणसे मागावर, दुकानात, कचेरीत जातात. कोणी दुचाकीवरून, कोणी बसने संकेश्वर-निपाणीकडे. संध्याकाळी ही सारी सुखरूप घरी येतील असे आपण धरूनच चालतो. एखाद्या घरी मात्र त्या दिवशी माणूस येत नाही, निरोप येतो.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. निपाणीहून बेळगावास येणाऱ्या बसमध्ये मी बसलो होतो. दिवेलागणीची वेळ होती. बस तवंदीचा घाट चढून वर आली, तेव्हा रस्त्याच्या कडेला एक सायकल वाकडी होऊन पडलेली दिसली आणि तिच्याजवळ एक इसम. तो हालत होता. बस मंदावली. "उतरून बघू या का?" असे कोणी म्हणाले. "कशाला? आज जबानी द्या, उद्या कोर्टात खेटे घाला," असे दुसऱ्याने उत्तर दिले. कोणी उतरले नाही. मीही उतरलो नाही. त्या माणसाचे पुढे काय झाले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

त्या बसमधील चाळीसपन्नास माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. त्यांतली कितीतरी व्रतवैकल्ये करणारी, दारी आलेल्याला विन्मुख न पाठविणारी असतील. त्यांना भीती वाटली, एवढेच. ती भीती कशाची होती आणि पुढे ती घालविण्यासाठी कोणी काय केले, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनातून समजले. ते समजत असताना आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. ती अशी की, अपघातांतील मृत्यू कमी होऊ शकतात; आणि जेथे ते कमी झाले आहेत, तेथे पुष्कळदा नफ्यासाठी न चालणाऱ्या, लोकांच्या देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थांनी आधी कारण शोधले आहे आणि मग ते लोकांपर्यंत व सरकारपर्यंत नेले आहे. हेच येथे तीन उदाहरणांनी सांगावयाचे आहे.

प्रश्न केवढा आहे?

अपघात झाला की आपण म्हणतो, "वेळ आली होती." दुःखी माणसाचे सांत्वन करण्यासाठी हे शब्द ठीक आहेत, पण विचार करावयाचा असेल तर ते अडचणीचे आहेत, कारण त्यांच्यापुढे प्रश्न उरतच नाही.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ सालचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणे त्या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दर तासाला सुमारे १९. पुढील वर्षी, २०२३ साली, हा आकडा वाढून १,७२,८९० झाला. मेलेल्यांपैकी दोनतृतीयांश माणसे १८ ते ४५ वर्षे वयाची, म्हणजे घर चालविणारी किंवा लौकरच चालविणार असलेली.

मरणारे कोण, हेही पाहावे. मोठ्या मोटारी एकमेकींवर आदळतात ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, त्यामुळे मोटारीत बसणारेच जास्त दगावत असतील असा समज होतो. २०२२ सालच्या मृतांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते आणि शेकडा १९ हून अधिक पायी चालणारे. दोन्ही मिळून जवळजवळ दोनतृतीयांश. आपल्या पेठांतली बहुतेक कुटुंबे ह्याच दोन वर्गांत मोडतात, हे निराळे सांगावयास नको.

रोगाच्या साथीत इतकी माणसे गेली असती तर आपण विचारले असते, की हा रोग कशाने होतो, कोणाला होतो, लस आहे काय? रस्त्यावरील मृत्यूंविषयी हेच प्रश्न विचारणे, ह्यालाच संशोधन म्हणावयाचे. त्यासाठी नेहमीच मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. पुष्कळदा मोजदाद करावी लागते आणि धीर धरावा लागतो.

पहिले उदाहरण : एका शल्यवैद्याची मोजदाद

१९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध लष्करी अधिकारी व ग्रंथकार फटफटीवरून पडला. त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. त्याच्या उपचारासाठी बोलाविलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यवैद्य होता. रोगी हातचा गेला ह्यात त्या वैद्याचा दोष नव्हता. परंतु केर्न्सच्या मनात ते राहिले, आणि फटफटीवरून पडणारे लोक डोक्याच्या कोणत्या इजेने मरतात ह्याचा तो अभ्यास करू लागला.

पुढे ऑक्सफर्ड येथे लॉर्ड नफील्ड ह्यांच्या देणगीतून वैद्यकाचा मोठा अभ्यासविभाग उभा राहिला आणि केर्न्स तेथे शल्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे नफील्ड स्वतः मोटारींचे कारखानदार होते. मोटारींत मिळविलेला पैसा दान झाला आणि त्या दानाच्या आश्रयाने रस्त्यावरचे प्राण वाचविण्याचा अभ्यास झाला, ही गोष्ट धर्मादाय संस्थेच्या सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९४१ साली केर्न्सने आपला निबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत इंग्लंडमध्ये फटफटीवरचे २,२७९ लोक मेले होते. अंधारपाळीमुळे रस्ते काळोखे आणि लष्करी निरोपे भरधाव, अशी ती स्थिती. डोक्यावर टणक शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, घातलेल्यांना झालेल्या इजा त्याने तपासल्या आणि त्या सौम्य असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लष्कराने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी मात्र तेथे हा कायदा १९७३ साली झाला. केर्न्स १९५२ सालीच वारला होता. सत्य सिद्ध होणे आणि ते समाजाच्या गळी उतरणे ह्यांत केवढे अंतर असते, हे ह्यावरून कळते. त्या अंतरातच लोकशिक्षणाचे काम असते.

आज ह्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके मिळाले आहे. कॉक्रेन नावाची एक धर्मादाय संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास गोळा करून, त्यांची छाननी करून निष्कर्ष काढते. तिच्या २००८ च्या अहवालाप्रमाणे हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका शेकडा ४२ नी आणि डोक्याच्या इजेचा धोका शेकडा ६९ नी कमी होतो. आपल्या देशात २०२२ साली मेलेल्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्या घरी बाजारास जाताना कर्ता पुरुष हेल्मेट घालतो आणि मागे बसलेली पत्नी किंवा आई उघड्या डोक्याने जाते. रस्ता हा भेद जाणत नाही, हे त्या १४,३३७ जणांनी दाखविले आहे.

लहान मुलांविषयीही आता नियम आहे. २०२२ साली केंद्र सरकारने ठरविल्याप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवरून नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, चार वर्षांखालील मूल चालकाशी पट्ट्याने बांधलेले हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा.

दुसरे उदाहरण : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. आपल्या गावाजवळून जाणारा पुणे-बंगळूर रस्ता उत्तरेला पुण्यापर्यंत जातो आणि तेथून पुढे मुंबईस जाण्यासाठी द्रुतगती मार्ग लागतो. हा सुमारे ९५ किलोमीटरचा सहापदरी रस्ता २००२ साली पुरा झाला. मध्ये गुरे नाहीत, चौक नाहीत, सायकली नाहीत. असा रस्ता निर्धोक असेल असे कोणासही वाटावे. तरी २०१६ साली त्यावर १५१ माणसे मेली.

त्या वर्षी दिल्लीच्या सेव्ह लाइफ फाउंडेशन ह्या नफ्याविना चालणाऱ्या संस्थेने महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र अँड महिंद्र कंपनी ह्यांच्याबरोबर ह्या रस्त्यावर काम सुरू केले. एकही मृत्यू होऊ नये, हे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे.

अपघात झाला की पोलीस पंचनामा करतात. त्याचा मुख्य हेतू गुन्हा कोणाचा हे ठरविण्याचा असतो. "भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवून" हे शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. ते खोटे असतात असे नव्हे. वेग हे खरोखरच मोठे कारण आहे. परंतु संशोधकाचा प्रश्न निराळा असतो. गाडी रस्ता सोडून गेली, हे झाले; पण ती ज्यावर आदळली ते तेथे का होते? कठडा होता काय? असला तर त्याचे टोक उघडे राहून भाल्यासारखे गाडीत तर शिरले नाही? पाठीमागून आदळली ती मालमोटार रस्त्याच्या कडेला का उभी होती, आणि तिला मागे दिवा होता काय? आतल्या माणसांनी पट्टा बांधला होता काय? जखमी किती वेळ तेथे पडून होता?

असे प्रश्न एकेका अपघाताला विचारीत गेले की एका अपघातात न दिसणारी गोष्ट शंभरांत दिसू लागते. ह्या मार्गावर कडेला उभ्या केलेल्या मालमोटारी, मार्गिका सोडून मध्येच घुसणारी अवजड वाहने, उघड्या टोकांचे कठडे आणि कठड्यावाचून उभे असलेले काँक्रीटचे खांब ही मृत्यूची ठिकाणे म्हणून पुढे आली. मग एकेक दुरुस्ती झाली. कठडे घातले गेले, धोक्याच्या खुणा रंगविल्या गेल्या, पोलिसांची गस्त नेमक्या जागी व नेमक्या वेळी होऊ लागली, पोलिसांना प्रथमोपचाराचे शिक्षण मिळाले, जखमीला लौकर हलविण्याची तजवीज झाली.

२०१७ साली मृतांचा आकडा १०५ वर आला. २०२० साली तो ६६ होता. त्या वर्षी टाळेबंदीमुळे वाहतूक थांबली होती, त्याचाही त्यात वाटा असणारच, आणि नंतर आकडा पुन्हा काहीसा वर गेला. परंतु तो १५१ पर्यंत परत गेला नाही. चालक तेच होते. देवाने त्यांची आयुष्यरेषा बदलली असे म्हणावयाचे नसेल, तर कारणे शोधून दूर केल्याने माणसे वाचली, हेच म्हणावे लागेल.

ह्या उदाहरणात संस्थेने रस्ता बांधला नाही, तो महामंडळाचा. दंड केला नाही. तो पोलिसांचा अधिकार. संस्थेने केले ते एवढेच की, ज्यांची कामे निरनिराळ्या खात्यांत वाटलेली होती त्यांच्यापुढे एकच यादी ठेवली, आणि यादीतील काम होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

तिसरे उदाहरण : भीतीचे संशोधन

आता त्या बसमधील भीतीकडे वळू. वर सांगितलेली संस्था पीयूष तिवारी ह्यांनी २००८ साली स्थापिली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा नात्यातला भाऊ, शाळकरी मुलगा, दिल्लीत रस्त्यावरील अपघातात गेला होता. तो जखमी होऊन रस्त्यावर पडला असता जाणारेयेणारे होते, मदत मात्र वेळेवर मिळाली नाही.

माणसे मदत का करीत नाहीत? "कलियुग आहे" हे उत्तर तिवारींना पुरेसे वाटले नाही. २०१३ साली त्यांच्या संस्थेने शहरांतून लोकांना हाच प्रश्न विचारला. शेकडा ७४ लोक म्हणाले, आम्ही मदत करण्याची शक्यता कमी. आणि त्यांतल्या शेकडा ८८ लोकांनी कारण सांगितले ते पोलिसांची चौकशी, कोर्टाच्या फेऱ्या आणि तत्सम कायद्याची कटकट. म्हणजे तवंदीच्या घाटावर त्या सहप्रवाशाने जे उत्तर दिले, तेच देशभर दिले जात होते. माणुसकी आटली नव्हती. तिच्या वाटेत एक धोंडा होता, आणि धोंडा असेल तर तो हलविता येतो.

संस्थेने २०१२ सालीच सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. १२ मे २०१५ रोजी केंद्र सरकारने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या देशभर बंधनकारक केल्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले आणि २०२० च्या सप्टेंबरात त्याचे नियम निघाले. आपल्या कर्नाटक राज्याने तर ह्यासाठी स्वतंत्र कायदा केला; २०१६ चा हा कायदा २०१८ साली राष्ट्रपतींची संमती मिळून पुरा झाला. असा कायदा करणारे कर्नाटक हे पहिले राज्य होय.

ह्या कायद्यात मदत करणाऱ्यास बायबलातील दृष्टांतावरून 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. वाटेवर लुटून जखमी केलेल्या माणसाला मोठे मोठे लोक ओलांडून गेले आणि परक्या जमातीच्या एका वाटसरूने उचलले, असा तो दृष्टांत आहे. आपण त्याला भला वाटसरू म्हणू. भल्या वाटसरूचे हक्क थोडक्यात असे आहेत :

१. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न धरता मदत केली आणि तरीही जखमी दगावला, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

२. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस अथवा रुग्णालय करू शकत नाही. स्वखुशीने सांगावयाचा असल्यास सांगावा.

३. साक्षीदार होणे हे त्याच्या इच्छेवर आहे. तो कबूल झाल्यास त्याची जबानी त्याच्या सोयीच्या जागी व वेळी आणि एकदाच घ्यावयाची असते.

४. जखमीस पोहोचविल्याबद्दल त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही किंवा त्याच्याकडे खर्चाची मागणी करता येत नाही.

ह्याच्याही आधी, १९८९ साली, परमानंद कटारा ह्यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टराने जखमीवर प्रथम उपचार केले पाहिजेत. कायद्याचे सोपस्कार नंतर. आणि ५ मे २०२५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद झाली आहे.

लोकशिक्षणाची जरूर

येथे कोणी म्हणेल, कायदा झाला, आता काम संपले. तसे झालेले नाही. २०१८ साली त्याच संस्थेने पुन्हा पाहणी केली, तेव्हा शेकडा ८४ लोकांना ह्या संरक्षणाची माहितीच नव्हती. कायदा राजपत्रात होता आणि भीती लोकांच्या मनात होती. दोघांची गाठ पडली नव्हती. जखमी माणसाला राजपत्र वाचवीत नाही. त्याच्याजवळून जाणाऱ्याला आपला हक्क ठाऊक असेल तरच तो थांबेल.

म्हणून संशोधनाइतकेच लोकशिक्षण महत्त्वाचे. मात्र नुसत्या उपदेशाने वागणूक बदलते असेही समजू नये. "सावकाश जा" अशी पाटी आपण सर्वांनी वाचली आहे आणि तिच्यापुढून वेगाने गेलोही आहोत. ज्या देशांत मृत्यू कमी झाले, तेथे शिक्षण, कायद्याची अंमलबजावणी आणि रस्त्याची सुधारणा ही तिन्ही एकत्र चालली. शिवाय सांगण्याची रीतही पाहावी लागते. "वेग घातक आहे" ह्यापेक्षा हिशेब सांगितलेला पटतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते आणि ८० वेगाने जाणारी २२ मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊणशे फूट. मूल रस्त्यात आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच हे अंतर कापले जाते. त्यानंतर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेग दुप्पट झाला की दुप्पट होत नाही, चौपट होते. हा हिशेब आठवीच्या मुलाला समजतो, आणि मुलाने घरी बापाला सांगितला तर बापही ऐकतो.

नागपूर येथे 'जनआक्रोश' नावाची संस्था आहे. तिच्यात निवृत्त झालेले ज्येष्ठ नागरिक पुष्कळ आहेत. ही मंडळी चौकांत फलक घेऊन उभी राहतात, शाळा-महाविद्यालयांतून मुलांशी बोलतात. त्यांना अधिकार नाही, गणवेश नाही, दंड करता येत नाही. परंतु पांढऱ्या केसांचा माणूस उन्हात उभा राहून हात जोडतो, तेव्हा सिग्नल तोडणाऱ्या तरुणालाही थोडे ओशाळल्यासारखे होते. निवृत्तांचा वेळ हे धर्मादाय संस्थेचे भांडवल आहे, ते आपल्याकडेही थोडेथोडके नाही.

आपल्याला काय करता येईल?

आपला ट्रस्ट लहान आहे. महामार्गाचे संशोधन आपल्याच्याने होणार नाही. पण वरच्या उदाहरणांतून जी रीत दिसली, ती लहान प्रमाणावर आपल्यालाही आचरता येईल. सभासदांच्या विचारासाठी चार सूचना मांडतो.

पहिली सूचना एका वहीची. खासबाग, वडगाव, शहापूर ह्या आपल्या पेठांत कोणत्या वळणावर, कोणत्या शाळेसमोर, कोणत्या खड्ड्यापाशी माणसे पडतात, हे तेथे राहणाऱ्यांना ठाऊक असते. पण ते कोठे लिहिलेले नसते. तारीख, वेळ, जागा, वाहन कोणते, उजेड होता काय, एवढीच नोंद वर्षभर ठेवावी. नाव-गाव लिहिण्याचे कारण नाही आणि दोष कोणाचा हेही लिहू नये. वर्षाअखेर ज्या जागी नोंदी दाटतील, त्या जागेचा अर्ज महानगरपालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे करावा. तक्रार एकाची असते, वही सर्वांची असते.

दुसरी सूचना पत्रकाची. भल्या वाटसरूचे चार हक्क आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक एका पानावर छापून घरोघर, रिक्षा थांब्यावर, चहाच्या गाड्यावर, बसमध्ये द्यावा. हे पत्रक मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषांत असावे. आपण सीमेवर राहतो. निपाणीच्या पुढे कोगनोळीला राज्य संपते, रस्ता संपत नाही. जखमी माणूस कोणत्या भाषेत कण्हतो हे कोणी पाहात नाही, तसे पत्रकानेही पाहू नये. १०८ ची सेवा कर्नाटकात २००८ पासून व महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना हाच क्रमांक चालतो.

तिसरी सूचना उसाच्या हंगामाची. संकेश्वर-निपाणी भागात गळिताच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काळोखात ऊस दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. उजेड पडताच चकाकणारी तांबडी पट्टी ट्रॉलीच्या मागे चिकटविण्यास फारसा खर्च येत नाही. हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या परवानगीने स्वयंसेवकांनी एक दिवस हे काम करावे. पंढरीला पायी जाणाऱ्या दिंड्यांतील मागच्या ओळीच्या वारकऱ्यांनाही अशाच चकाकणाऱ्या पट्ट्या द्याव्यात.

चौथी सूचना शिक्षणाची. प्रत्येक घरातील एकाने तरी प्रथमोपचार शिकून घ्यावा. रक्त वाहात असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरणे, मानेला मार असल्याचा संशय असेल तर उगाच न हलविणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी न घालणे, ह्या तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ आहे. पाणी पाजणे हा आपल्याकडील दयेचा पहिला आविष्कार असतो. पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत तेच पाणी जाऊन घात होतो. २००६ साली विधि आयोगाने आपल्या २०१ व्या अहवालात असे नमूद केले होते की, अपघातानंतरच्या पहिल्या तासात योग्य उपचार मिळाल्यास निदान निम्मे मृत्यू टळू शकतील. पहिल्या तासात डॉक्टर जवळ नसतो. आपल्यासारखाच कोणीतरी असतो.

उपसंहार

दान म्हटले की अन्नदान, विद्यादान, वस्त्रदान ही नावे आपल्या ओठांवर येतात. आपल्या संस्थेने आजवर जे केले ते त्याच वाटेने केले आहे, आणि ते चालूच राहावे. त्यांच्या जोडीला हेही एक काम घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे. शिष्यवृत्ती देऊन शिकविलेला मुलगा महाविद्यालयातून परत येताना उघड्या डोक्याने दुचाकीवरून पडून जाऊ नये, हाही त्या शिष्यवृत्तीचाच पुढचा भाग मानावा.

तवंदीचा घाट मी अजूनही कधी कधी बसने चढतो. रस्ता आता रुंद झाला आहे, वाहने कितीतरी पटींनी वाढली आहेत. ती जागा आली की मी खिडकीबाहेर पाहतो. त्या वेळी मला कायदा ठाऊक नव्हता, कारण तो नव्हताच. आज तो आहे, आणि हा लेख वाचलेल्या प्रत्येकास तो ठाऊक झाला आहे. ह्यापुढे आपल्या सभासदांपैकी कोणी अशा बसमध्ये असेल आणि "उतरून बघू या का?" असे कोणी विचारील, तर त्याला काय उत्तर द्यावयाचे, हे सांगण्याची आता आवश्यकता नाही.